मनात येईल तेव्हा बोट हलवा

"काही नाही झालंय तुम्हाला. जा, उद्यापासून कामावर जा."

वाक्य खोलीत आलं आणि ते कोण बोललं हे बघायला तिने मान वळवली. मागे कुणी नव्हतं. दार लावलेलं, पडदा ओढलेला, हात पुसायचा टॉवेल खुंटीवर. समोर आरामखुर्चीत क्रेनवाला, डोक्यावर वायरींचा झुपका, आणि तो हसत होता. म्हणजे बोलणारा तो नव्हता. उरली ती एकटी. शब्दांची चव अजून जिभेवर होती, पण दुसऱ्याच्या ताटातला घास चुकून तोंडात जावा तशी. मागे घ्यावं, "म्हणजे तसं नाही, डॉक्टर सांगतील" असं काहीतरी जोडावं, हे तिला सुचलं, पण सुचेपर्यंत क्रेनवाला म्हणाला, "बघा. बायकोला मी हेच सांगत होतो. उगाच जिवाला घोर लावून घेते." आणि टोपी काढावी तसा त्याने वायरींना हात घातला. "थांबा, मी काढते," ती म्हणाली. हे मात्र तीच म्हणाली, याबद्दल तिची खात्री होती.

डोळे मिटा.

दवाखान्यात तिला सगळे ताई म्हणत, तिच्या वडिलांच्या वयाचे पेशंटसुद्धा. तिचं काम मेंदूची पट्टी, म्हणजे ईईजी, काढायचं. टेपने डोकं मोजायचं, तांबड्या पेन्सिलीने खुणा करायच्या, केस बाजूला सारून चिकट पेस्टने एकेक चकती बसवायची, आणि मग पडद्यावर रेघा वाहायला लागल्या की तिने म्हणायचं: डोळे मिटा. डोळे उघडा. खोल श्वास घ्या, सोडा, घेत राहा. डोळे मिटले की रेघा संथ होतात, तळ्यावरच्या लाटांसारख्या. उघडले की त्या लाटा विरतात. माणूस शहाणा असो की खुळा, एवढं होतंच, आणि हे होताना पाहिलं की तिला दर वेळी बरं वाटे. बाकी पट्टीत काय दिसतं ते डॉक्टर वाचणार, डॉक्टर सांगणार. तिने सांगायचं नाही. चांगलं नाही, वाईट नाही, नुसतं "हं" सुद्धा नाही. पेशंट काय काय करून बघत. कुणी म्हणे, ताई, तोंडाने नका सांगू, नुसती मान हलवा. कुणी तिच्या भुवया बघत बसे. म्हणून पडद्यासमोर बसली की ती चेहरा धुऊन वाळत घातल्यासारखा ठेवी. इतक्या वर्षांत तिच्याकडून कुणाला काही कळलं नव्हतं. लग्नाला उभी राहिली तेव्हा मुलाने नकार कळवला होता तो याच कारणाने, असं तिचा दादा चिडवत असे: "समोरच्याला कळेचना, हो आहे की नाही."

आणि आता हे वाक्य. बरं, वाक्य तरी कसं, तर गुळगुळीत. अडखळलं नाही, चाचरलं नाही. पाठ करून ठेवल्यासारखं बाहेर आलं. कामावर जा म्हणे. तिला कुणी विचारलं होतं कामाचं? विचारलं होतं का? इथे तिची गाडी अडली. संध्याकाळी भांडी घासताना तिने सगळं पुन्हा एकामागून एक लावून बघितलं. आधी क्रेनवाल्याची बायको बोलली होती, डोक्यावर खुणा करताना, दारात उभी राहून. "बोलता बोलता थांबतात हो. डोळे उघडे, पण घरात कुणी नाही. हाक मारा, हलवा, काही नाही. मग परत येतात आणि वाक्य जिथे सोडलं तिथून पुढे." क्रेनवाला म्हणाला, "तंद्री लागते. वर बसून तुम्हीही कंटाळाल." बायको म्हणाली, "तंद्रीत मागे लोखंडाचा भारा माणसांच्या डोक्यावर लटकत ठेवलान. खालचे बोंबलतायत आणि हे वर समाधी लावून." मग तिने बायकोला बाहेर बसवलं. मग क्रेनवाल्याने खिडकीकडे बोट केलं. लांब, घरांच्या वर, पिवळी उंच क्रेन दिसत होती. "ती माझी," तो म्हणाला, आपल्या मुलीचं लग्नातलं रूप दाखवावं तसा. मग पडदा ओढला. मग डोळे मिटा. उघडा. मग खोल श्वास.

मग.

नाही, असं नाही. पुन्हा. खोल श्वास चालू असताना ती पडद्याकडे बघत होती. बघत होतीच, तेच तिचं काम. पण बघणं आणि दिसणं यांच्यात एखादी फट असते, कामाची सवय झाली की ती रुंदावते. त्या फटीत ती कदाचित गॅस बंद केला की नाही याचा विचार करत होती. म्हणजे तिला काही दिसलं नाही, म्हणून काही नाही असं म्हणाली. हे पटण्यासारखं होतं. निष्काळजीपणा म्हणता येईल, पण त्याला निदान नाव तरी आहे.

नाही. तेही नाही. तिला दिसलं होतं. डावीकडच्या रेघांवर टोकदार लाटा एकदम उठल्या, कुणी कंगव्याचे दाते उभे करावेत तशा, आणि क्रेनवाल्याचा श्वास थांबला, ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलले, आणि तो परत आला. तिने खुणेची कळ दाबली. बोटाने दाबली, हे नक्की, कारण कळ कडक आहे आणि दाबली की बोटाच्या टोकाला कळतं. म्हणजे दिसलं होतं, कळलं होतं, खूणही केली होती. आणि त्यानंतर तोंड म्हणालं, काही नाही झालंय तुम्हाला. भांडं हातात तसंच राहिलं आणि नळ वाहत राहिला.

सकाळी डॉक्टरांनी पट्टी बघितली. डॉक्टर शांत माणूस, बोलताना पेनाचं टोपण काढत आणि घालत. "या माणसाला बोलावून घ्या. आजच. औषध सुरू करायचं, आणि क्रेनवर चढायचं नाही म्हणजे नाही. हे अगदी स्पष्ट आहे." पडद्यावर त्या लाटा होत्या, तिची खूण होती, आणि थोडं पुढे सगळ्या रेघा एकदम जाड, काळ्या, गिचमीड झाल्या होत्या. "हे काय?" डॉक्टरांनी विचारलं. "हसला," ती म्हणाली. हसलं की कपाळाचे स्नायू हलतात आणि रेघा अशा माखतात. "काय विनोद झाला?" "तसं काही नाही." टोपण निघालं, बसलं. "त्याला कुणी काही सांगितलं तर नाही ना?" "नाही," ती म्हणाली. आणि हे वाक्यही तिने तोंडातून बाहेर जाताना पाहिलं, दार उघडं राहिल्यावर मांजर जातं तसं. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? नोकरी गेली असती, कदाचित. पण नोकरीचा विचार "नाही" म्हटल्यानंतर आला. आधी "नाही" आलं, मग मागून धापा टाकत कारण आलं, आणि त्या "नाही"ला जणू मीच पाठवलं होतं, असं म्हणत पुढे उभं राहिलं.

बाहेर बसणाऱ्या मुलीने फोन लावला. दिवसभर टेबलावरची घंटी वाजवते म्हणून तिला सगळे घंटी म्हणत. क्रेनवाला उचलत नव्हता. बायकोने उचलला. घंटीने फोन मोठ्या आवाजावर टाकला. "कामावर गेले की. ताई म्हणाल्या ना काही नाही. रात्रभर घोरत होते, कितीतरी दिवसांनी. फोन? फोन वर नेत नाहीत, खाली कपाटात ठेवतात. का हो? काही आहे का?" घंटीने तिच्याकडे बघितलं. "तुम्ही म्हणालात?" असं तिच्या ओठांवर आलेलं दिसत होतं. तिने घंटीच्या हातून फोन घेतला आणि म्हणाली, "काही नाही, एक सही राहिलीय." आणि ठेवला. आपण हे किती सराईतपणे करतो, असं तिच्या मनात आलं. जन्मभर हेच करत असल्यासारखं. मग ती खोलीत गेली आणि पडदा सरकवला. पिवळा हात आकाशात सावकाश फिरत होता. त्याला कुठलीच घाई नव्हती. टोकाला काहीतरी लटकत होतं, इथून काडीएवढं.

"घंटी, जेवायला जाते."

"आत्ता? डबा तर इथेच आहे तुमचा."

"मग तू खा."

डोळे उघडा.

बसमध्ये तिला खिडकी मिळाली. शिकत होती तेव्हाचा एक दिवस तिला आठवत होता, आठवायचं नसताना. शिकवणाऱ्या सरांनी एकमेकांच्या डोक्यावर चकत्या बसवायला लावल्या होत्या. केसांत पेस्ट, सगळे खिदळत होते. सर म्हणाले, आता मनात येईल तेव्हा बोट हलवा. कुणी सांगणार नाही, घड्याळ नाही, खूण नाही. तुमच्या मनात येईल तेव्हा. ती बसून राहिली. मनात येईल तेव्हा म्हणजे कधी? मनात आलं हे कळणार कसं? बोट हललं, मग तिला वाटलं, हां, आलं होतं वाटतं. पुन्हा, पुन्हा, कितीतरी वेळा. मग सरांनी सगळ्या नोंदी एकावर एक ठेवून दाखवल्या. बोट हललं त्याच्या आधीच रेघ कलायला लागली होती, "आता हलवू" असं वाटल्याचं सांगितलं होतं त्याच्याही आधी. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "म्हणजे सर, पेपरात नापास झालो तर तो मी नव्हेच." सगळे हसले. सर म्हणाले, यावर मोठमोठी माणसं भांडतायत, तुम्ही चकत्या नीट बसवा. ती हसली नाही. तिला तो उतार आवडला नव्हता. तिच्याच डोक्यात, तिला न विचारता, काहीतरी खाली घरंगळायला लागलेलं, आणि ती वर निवांत बसून समजतेय की अजून काही ठरायचंय.

पण ती या कामात आली ती त्याच्याही आधीच्या गोष्टीमुळे. निदान असं ती स्वतःला सांगत आली होती. लहानपणी एकदा, जेवताना, दादा उठला, बाबांचं मनगटी घड्याळ टेबलावर होतं ते त्याने उचललं, पिण्याच्या पाण्याच्या भांड्यावरचं झाकण काढलं, घड्याळ आत सोडलं, झाकण ठेवलं, आणि पुन्हा जेवायला बसला. रागावला नव्हता, भांडला नव्हता. का केलंस, तर उत्तर नाही. आई म्हणाली उन्हात खेळतो म्हणून. बाबा म्हणाले माज. बाबांचा हात सुटला आणि दादाने मार खाल्ला. तेव्हापासून तिला वाटायचं, डोक्याला एक झाकण असतं, ते काढून बघता आलं पाहिजे. क्रेनवाल्याला ती तसं बोलली ते कदाचित यामुळे. दादाला तेव्हा कुणीतरी म्हणायला हवं होतं, काही नाही झालंय तुला. हे कारण एवढं सुबक होतं की तिला त्याचा संशय आला. तिने दादाला फोन लावला.

"बरी आहेस ना?" दादा म्हणाला. "ऑफिसच्या वेळेला तुझा फोन म्हणजे कुणीतरी गेलं तरी, नाहीतर येतंय तरी."

"दादा, तू बाबांचं घड्याळ पाण्यात का टाकलंस?"

"कधी?"

"लहानपणी. जेवताना."

"ते होय. मी कुठे टाकलं? तू टाकलंस."

"काहीतरीच."

"काहीतरीच काय? उठलीस, टाकलंस, झाकण ठेवलंस आणि भात मागितलास. बाबांनी कुणी केलं विचारलं, मी म्हटलं मी. माझा मार कुठल्यातरी खात्यात बाकी असायचाच, म्हटलं वळता होईल."

"मला तूच दिसतोस. भांड्याशी वाकलेला. तुझी पाठ दिसते मला."

"माझी पाठ कशी दिसेल तुला? मी समोर बसायचो तुझ्या. टेबलाखालून लाथा मारायला बरं पडायचं."

हे खरं होतं. पोटरीवरच्या त्या लाथा तिला आत्ता, बसमध्ये, जाणवल्या. मग ती पाठ कुणाची होती? बस वळली आणि खिडकीच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला, वाळत घातलेला.

"मग मी का टाकलं?"

"मला काय माहीत बाई. रात्री विचारलं होतं मी तुला. तू म्हणालीस, मला माहीत नाही, मी पण बघत होते." तो हसला. "तेव्हाच म्हटलं, ही पोरगी पुढे काहीतरी निघणार. बोल ना, झालंय काय?"

"काही नाही झालंय," ती म्हणाली, आणि फोन ठेवला, आणि मग ते शब्द तिला ऐकू आले.

बांधकामाच्या दारात मुकादम भेटला. जाडजूड माणूस, गळ्यात शिट्टी, हातात वॉकीटॉकी. "बाई, आत नाही यायचं. यायचं तर आधी टोपी घाला." त्याने एक पिवळी टोपी तिच्या हातात कोंबली. तिने ती घातली, आत कुणाच्या तरी घामाचा वास होता. क्रेन जवळून वेगळीच होती: नुसती जाळी, लोखंडी, आणि जाळीच्या पोटातून शिडीवर शिडी वर गेलेली, मधे मधे उभं राहायला फळ्या, आणि टोकाला काचेची केबिन. दवाखान्यातून दिसलेली सावकाश फिरणारी गोष्ट ही नव्हेच. आता ती फिरतही नव्हती. हात मधेच थांबला होता. टोकाला सळ्यांचा भारा लोंबत होता, आणि त्याच्या बरोबर खाली माणसं वाकून तारा बांधत होती. वर कुणी बघत नव्हतं.

"हा थांबलाय का?" तिने विचारलं.

"थांबला असेल. जागा बघत असेल."

"विचारा ना त्याला."

"तुम्ही कोण?"

"विचारा आधी."

मुकादमाने वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "वर. ऐकतोस का?" नुसती खरखर. "अरे ए महाराज. झोपला का?" खरखर. भारा हवेत किंचित गिरकी घेत होता, एकीकडून दुसरीकडे, पुन्हा एकीकडे. तिला कंगव्याचे दाते दिसायला लागले, डावीकडच्या रेघांवर, एकामागून एक. मुकादमाने शिट्टी फुंकली. वाकलेली माणसं वर बघायला लागली, एकाने दुसऱ्याला ओढलं, सगळी बाजूला पांगली. आणि मग खरखर फुटली आणि आतून क्रेनवाल्याचा आवाज आला, झोपेतून नव्हे, बोलण्याच्या मधूनच आल्यासारखा: "हां, तर मग कुठे ठेवायचा म्हणालात?"

"तंद्री लागते याला," मुकादम तिला म्हणाला, पण त्याचा चेहरा उतरला होता.

तेव्हा ती बोलली. या वेळी तिला प्रत्येक शब्द ओढून काढावा लागला, विहिरीतून भरलेली बादली ओढावी तसा. मी दवाखान्यातून आले. याला आजार आहे. काल मी याला काही नाही म्हणून सांगितलं, ते मला सांगायचा हक्क नव्हता आणि ते खोटं होतं. चूक माझी आहे. मुकादमाला बहुतेक राग यायचा होता, पण कुठून सुरुवात करावी ते कळेना. त्याने वॉकीटॉकीच तिच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा त्याला. माझं काय ऐकतोय तो."

"मी बोलतेय," ती म्हणाली. "कालची."

"ताई? तुम्ही इथे कुठे?"

"भारा खाली ठेवा आणि उतरा. तुम्हाला आहे काहीतरी. काल पट्टीत दिसलं होतं."

खरखर. मग: "काल तर नाही म्हणालात."

"हो."

"मग तसं का म्हणालात?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "मला खरंच माहीत नाही."

वर बराच वेळ काही आवाज नव्हता आणि तिला वाटलं, गेला, पुन्हा गेला. मग तो म्हणाला, "बायको पण मला असंच विचारते. कुठे गेला होतात म्हणून. तिला वाटतं मी लपवतो." पिवळा हात हलला, भारा सावकाश मोकळ्या जागेवर आला, खाली टेकला. सळ्या एकमेकींवर खणखणल्या. "उतरतो," क्रेनवाला म्हणाला, आणि खरखर बंद झाली.

आणि तिचे हात शिडीवर होते. गजाचा थंड, खरबरीत स्पर्श तळव्यांना झाला तेव्हा तिला ते कळलं. एक पाय वर गेला होता, दुसरा जात होता. मागून मुकादम ओरडला, "ओ बाई, कुठे?" उंचीचं तिला लहानपणापासून वावडं, स्टुलावर चढून दिवा बदलायचा तरी ती शेजारच्यांना बोलावते. ती पहिल्या फळीवर पोहोचली आणि मग कारण आलं, नेहमीसारखं उशिरा, धापा टाकत: उतरताना मधेच हरवला तर? केबिनमध्ये निदान तो बसलेला होता. आपणच त्याला शिडीवर आणलं. कुणीतरी त्याच्या खाली असायला हवं, त्याच्याशी बोलत राहायला हवं. कारण चांगलं होतं, कालच्यापेक्षा, घड्याळापेक्षा कितीतरी चांगलं. तिने ते जवळ घेतलं. पण पाय त्याच्या आधी निघाले होते, हेही तिला माहीत होतं, आणि ते कुणाचे पाय होते हे विचारायला आता जागा नव्हती. ती दुसऱ्या शिडीला लागली. वारा होता. खालचं काही बघायचं नाही. लोखंड तिच्या मुठीत थरथरत होतं, आणि ते आपल्याच हातांचं थरथरणं आहे की वरून कुणी उतरतंय हे कळेना. दोन्ही हात सोडले असते तर कळलं असतं. तिने गाल गजाला टेकवला. थरथर आली, थांबली, आली. पाऊल, मग पाऊल. हे तिचं नव्हतं.

पुढचं पाऊल आलं नाही.

"ऐकताय ना?" ती वर तोंड करून ओरडली. "बोलत राहा. काहीही बोला. डोळे उघडे आहेत ना?"

वारा वाहत होता. मग लोखंडात पुन्हा पाऊल पडलं, आणि अगदी जवळून, तिच्या डोक्याच्या थोडं वरून, क्रेनवाल्याचा आवाज आला.

"माझे आहेत," तो म्हणाला. "तुमचे मिटलेत, ताई."